चढ नसलेली रेघ

डोर्थेने पहिल्याच भेटीत मला विचारलं होतं, "हे सगळं आधी डुकरांवर करून बघितलंत ना?"

मी हो म्हटलं. दोन वर्षं आम्ही डुकरांवरच करत होतो.

"मग? कुणी तक्रार केली?"

"एकानेही नाही."

"करणार कशी बिचारी, भुलीत होती," ती म्हणाली आणि हसली. हसता हसता पुढचा शब्द तिला सापडेना. ती थांबली, डोळे मिटून तो शोधला, आणि सापडल्यावर म्हणाली, "बघ, हे असं होतं. लिलावात असं झालं तर बांगडे तिथेच कुजतील."

पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदरात ती माशांचा लिलाव पुकारायची. वय चौतीस. डाव्या कानाच्या वर, आत, माणसाची वाचा जिथून चालते त्याच्या अगदी शेजारी तिला गाठ झाली होती. गेल्या वर्षी ती काढली, मग किरण दिले, आणि आता नेहमीच्या एमआरआयमध्ये त्याच जागी पुन्हा पांढरा डाग दिसत होता. असा डाग दोन गोष्टींचा असू शकतो. गाठ परत आलेली असेल, नाहीतर किरणांनी मेलेला भाग सुजून तसा दिसत असेल. साध्या चित्रात दोन्ही सारखेच. गाठ असेल तर गुरुवारी ऑपरेशन, आणि त्यात वाचा जायची भीती. मेलेला भाग असेल तर त्याला हातही लावायचा नाही.

"गुरुवारी इथे यायचं का घरी राहायचं, एवढंच मला कळू दे," ती म्हणाली. तिचा मुलगा तोके चौदा महिन्यांचा होता. तो अजून बोलत नव्हता, आणि त्याच्याआधी आपलंच बोलणं थांबेल की काय, हे ती अगदी सहज सांगून गेली.

त्या दोन गोष्टींतला फरक ऐकायचा, हेच आमचं काम. जिवंत गाठ साखर आधाशासारखी खाते आणि तिचं लॅक्टेट करून टाकते. पळून पळून दमलो की आपल्या पायांत साठतं तेच. मेलेला भाग काहीच करत नाही. साखर मोडताना शरीरात मधल्या पायरीवर पायरुवेट नावाचा पदार्थ होतो. तो बाहेरून टोचायचा आणि त्याचं लॅक्टेट कुठे होतं ते बघायचं. अडचण अशी की या पदार्थांचा आवाज एमआरआयच्या चुंबकाला ऐकूच येत नाही. शरीरात पाणी इतकं आहे की सगळा गोंगाट पाण्याचाच असतो. म्हणून पायरुवेटचा आवाज आम्ही आधी हजारो पटींनी वाढवून घेतो. प्रयोगशाळेत एक उंच यंत्र आहे, आम्ही त्याला विहीर म्हणतो. तिच्या तळाशी एवढी थंडी असते की त्यापुढे थंडी जातच नाही म्हणा ना. तिथे मोठ्या चुंबकात, सूक्ष्म लहरींखाली पायरुवेट तीन तास ठेवलं की त्याचे अणू हळूहळू एकाच दिशेला तोंड करून उभे राहतात. मग कढत पाणी सोडून ते क्षणात वितळवायचं.

वितळलं की ते अणू आपली दिशा विसरायला लागतात. पाऊण मिनिटात आवाज निम्मा होतो, शरीरात गेल्यावर त्याहूनही लवकर. तीन तासांची मेहनत आणि हातात जेमतेम दोन मिनिटं.

विहिरीत कुपी सोडणं, ती वितळवणं आणि औषध पेशंटपर्यंत नेऊन टोचणं हे माझं काम. बाळंतपणाच्या रजेवरून परत येऊन मला अकरा दिवस झाले होते. मी गेले तेव्हा खोलीत डुकरं असायची, आले तेव्हा माणसं होती. माझ्या जागी काम केलेल्या मुलीने सगळं नीट लिहून ठेवलं होतं, आणि मी ते दोनदा वाचून, चौकटीत बरोबरच्या खुणा करून सही केली होती.

मंगळवारी डोर्थे एकटीच आली. नवरा, इवर, पोराला घेऊन घरी थांबला होता. सकाळी मी दोन कुप्या विहिरीत सोडल्या. एक तिच्यासाठी आणि एक हाताशी असावी म्हणून. अकराच्या सुमाराला ती चुंबकात झोपली, डोक्याभोवती आवाज टिपणारा पिंजरा, हातात सुई. एमआरआय चालवणारा आस्गर काचेपलीकडे यंत्रापाशी बसला. विबेके, म्हणजे आमची डॉक्टर, त्याच्या मागे उभी राहिली.

मी कुपी वितळवली. औषध नळीतून खाली उतरलं, थोडं बोडिलच्या तपासणीत गेलं, बाकीचं सिरिंजमध्ये. बोडिल आमची औषधतज्ज्ञ, साठीला आलेली. आंबटपणा, उष्णता आणि विहिरीतला जो पदार्थ शरीरात जाता कामा नये त्याचा अंश, हे सगळं ती पन्नासाव्या सेकंदापर्यंत बघते आणि "सोडलं" म्हणते. तिने सोडलं म्हणेपर्यंत सिरिंजला कुणी बोट लावत नाही. त्या दिवशी आंबटपणाचा आकडा हलत राहिला. बोडिलने पुन्हा मोजला. मी तिच्या खिडकीशी उभी राहून सेकंद मोजत होते, पंचावन्न, साठ, पासष्ट. एकाहत्तरला ती म्हणाली, "सोडलं. जा पोरी, जा."

मी गेले. सिरिंज पंपावर चढवली, बटण दाबलं, औषध गेलं, त्याच्या मागून मिठाचं पाणी गेलं. तिथे चुंबकाचा इतका ठोकाठोकीचा आवाज असतो की बोललेलं ऐकू जात नाही, म्हणून खूण हाताने करायची. मी काचेकडे बघून हात वर केला. आस्गरने मान हलवली.

डाग काळा आला.

डागाच्या जागी, सगळीकडे, काही नव्हतं. लॅक्टेटचं चित्र तिथे कोळशासारखं होतं, म्हणजे जिवंत गाठ नाही. आस्गर म्हणाला, सगळाच आवाज जरा कमी आहे, पण बोडिलबाईंनी एवढा वेळ घेतल्यावर असणारच, शुक्रवारी केक बोडिलकडून. आमच्याकडे ज्याच्याकडून घोळ होतो त्याने शुक्रवारी केक आणायचा आणि सगळ्यांसमोर आपला घोळ सांगायचा. बोडिल खिडकीतून म्हणाली, आकडा हलला तो यंत्राचा दोष, केक यंत्र बनवणाऱ्याकडे मागा. सगळे हसलो. मीसुद्धा.

पेशंटला काहीही सांगायचं नाही असं कागदावर होतं. हा अभ्यास होता, उपचार नव्हे. पण सर्जन त्या अभ्यासात होता आणि संध्याकाळी चित्र बघणार होता, हे डोर्थेसकट सगळ्यांना माहीत होतं. शिवाय विबेकेने तिला सव्वा वर्ष बघितलं होतं. तिला राहवलं नाही. डोर्थे कपडे बदलत होती तिथे दारातून डोकं घालून ती म्हणाली, "अजून पक्कं नाही हं, पण शांत दिसतंय."

मी बाहेर पडत होते. मागे डोर्थेचा फोनवरचा आवाज ऐकू आला. ती इवरला सांगत होती, आणि एकही शब्द अडत नव्हता.

मला उशीर झाला होता, छाती दगडासारखी झाली होती. आमच्या मजल्यावर एक छोटी खोली आहे, खुर्ची आणि पडदा असलेली. तिथे बसून मी दूध काढायला पंप लावला. माझा ओलुफ तेव्हा दहा महिन्यांचा होता आणि पाळणाघरात त्याला माझ्या दुधाशिवाय दुपारची झोप लागायची नाही. पंपाची घरघर सुरू झाली, खांदे खाली आले, आणि पहिल्यांदाच त्या दिवशी मी काहीच करत नव्हते. डाव्या हाताने बाटली धरलेली. उजवा हात मोकळा, मांडीवर.

मी त्या हाताकडे बघत राहिले. हा हात मी केव्हा वर केला?

डुकरांच्या वेळी मी औषध हाताने टोचायचे. औषध, मग मिठाचं पाणी, सगळं आत गेलं की हात वर. आस्गर त्याच क्षणी यंत्र सुरू करायचा. दोन वर्षं आम्ही असंच केलं. माणसांसाठी औषध टोचणारा पंप आला आणि पद्धत बदलली. आता बटण दाबताक्षणी हात वर करायचा, आस्गर मनात बारा मोजतो आणि मग सुरू करतो. हे लिहिलेलं होतं. मी बरोबरची खूण केली होती. गेल्या आठवड्यात दोन पेशंटना मी बरोबर केलंही होतं. पण आज बोडिलच्या खिडकीशी एकवीस सेकंद जास्त उभी राहिले, धावले, आणि हाताने आपली जुनी सवय धरली. सगळं आत गेल्यावर तो वर झाला. त्यानंतर आस्गरने बारा मोजले.

पंप बंद केला. बाटली अर्धीच भरली होती.

आस्गर जेवायला गेला होता. मी त्याच्या यंत्रापाशी बसून डोर्थेच्या मेंदूतल्या मोठ्या शिरेतल्या आवाजाची रेघ, म्हणजे आलेख, काढली. पायरुवेट तिथून जाताना रेघ आधी वर चढते, टोक गाठते आणि मग उतरते. प्रत्येक माणसात, प्रत्येक डुकरात. डोर्थेच्या रेघेला चढच नव्हता. पहिल्या ठिपक्यापासून नुसता उतार. म्हणजे आम्ही ऐकायला बसलो तेव्हा टोक येऊन गेलं होतं. बोडिलकडची एकवीस आणि औषध-पाणी आत जाईपर्यंतची माझी सतरा सेकंदं धरली तर आवाज निम्म्याहून कमी उरला होता. मोठं काही असतं तर तरीही दिसलं असतं. लहानसं काही असतं तर चित्राच्या खरखरीत बुडून गेलं असतं, आणि डाग असाच काळा दिसला असता.

कदाचित डाग खरंच मेलेला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. आजवरच्या पेशंटमध्ये निम्म्यांचा तसाच निघाला होता. आणि रेघ कोण बघतं? संध्याकाळी सर्जन चित्र बघणार, रेघा महिनाअखेरीला निघतात. डोर्थे गुरुवारी घरी राहील. पुढच्या साध्या तपासणीला तीन महिने. तीन महिन्यांत ती तोकेशी पोटभर बोलेल.

तीन महिन्यांत ती गाठ केवढी होते, हे मला माहीत होतं.

दुसरी कुपी विहिरीत होती. चार वाजेपर्यंत ती वापरता येणार होती, मग टाकून द्यायची. एका दिवसात दोनदा टोचायची परवानगी कागदात होती. साडेबारा झाले होते.

मी आधी बोडिलकडे गेले, कारण तिच्यावर घोळ ढकलला गेला होता. तिने सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि पुसत बसली. ती मला रागावली नाही. विबेकेला सांग, तोवर मी आंबटपणा मोजायची काडी बदलून ठेवते, एवढंच म्हणाली. विबेकेला सांगणं जास्त अवघड होतं. तिने आधी रेघ बघितली, मग माझ्याकडे, मग दाराकडे, जिथून तिने डोकं घातलं होतं तिकडे. आपण ते बोलायलाच नको होतं, असं ती दोनदा म्हणाली. डोर्थेला आपण दोघी मिळून सांगू म्हणाली. मी म्हटलं, नको, आधी मी जाते.

डोर्थे खालच्या उपाहारगृहात राय धान्याच्या काळ्या पावावर हेरिंग मासा घेऊन बसली होती. मला बघून तिने समोरची खुर्ची पायाने पुढे ढकलली. "बस. असला हेरिंग आमच्या बंदरात मांजरही खाणार नाही, पण आज मला गोड लागतोय."

मी बसले आणि सांगितलं. जेवढं साधं सांगता येईल तेवढं. हात उशिरा वर केला, त्यामुळे ऐकायला उशीर झाला, त्यामुळे काळं दिसलं याचा अर्थ काहीच लागत नाही. ते चांगलंही नाही आणि वाईटही नाही. दुसरी कुपी तयार आहे.

तिने काटा खाली ठेवला.

"मी इवरला सांगितलं," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"तो रडला. मी त्याला कधी रडताना... ऐकलं नव्हतं." शब्द पुन्हा अडायला लागले होते. "तुला माहीत आहे तू काय केलंस?"

"हो."

"नाही. हात उशिरा वर केलास, ते सोड. ते कुणाचंही होतं. मी एकदा एक आख्खी पेटी दोनदा विकली आहे. पण हे येऊन सांगितलंस. तासाभराने. मला एक तास दिलास आणि परत घेतलास."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी ट्रे आपटला.

बराच वेळ ती पावाचे तुकडे करत बसली. खाल्ला एकही नाही. मग तिने विचारलं की नाही म्हटलं तर काय होईल. मी सांगितलं, नाही म्हणायचा तिला पूर्ण हक्क आहे. सर्जनला आम्ही खरं ते कळवू, चित्र धरू नका म्हणून. तो त्याच्या अंदाजाने ठरवेल.

"अंदाजाने म्हणजे कापेल."

"बहुतेक."

"आणि सगळा डाग काढेल."

"हो. काय जिवंत आणि काय मेलेलं हे माहीत नसेल तर सगळाच काढावा लागतो."

ती उठली. ट्रे तिने स्वतःच नेऊन ठेवला, मला हात लावू दिला नाही.

अडीच वाजता ती पुन्हा चुंबकात झोपली. तिच्या हातातली सुई तपासताना मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. तिनेच पिंजऱ्यातून डोळे फिरवले. "यावेळी कधी करणार हात वर?"

"बटण दाबताना."

"म्हणून दाखव."

"बटण दाबताना हात वर."

"पुन्हा."

मी पुन्हा म्हटलं. तिने डोळे मिटले.

कुपी वितळली. बोडिलचा आकडा या वेळी जागचा हलला नाही. सत्तेचाळीसला तिने "सोडलं" म्हटलं, बाकी एक अक्षर नाही. मी सिरिंज चढवली. डाव्या हाताने बटण दाबलं आणि उजवा वर केला, आणि आस्गरने काचेपलीकडून स्वतःचाही हात वर करून मला दाखवला. मी तो तसाच धरून ठेवला. औषध संपलं, पाणी संपलं, तरी खाली घेतला नाही. खाली घ्यायचा असतो हेच विसरले होते.

रेघ चढली. टोक गाठलं. उतरली.

आम्ही चौघं पडद्याशी उभे होतो. डाग जवळपास सगळा काळा होता, सकाळसारखाच. पण त्याच्या मागच्या कडेला, कानाच्या बाजूला, एक दाणा उजळला होता. वाटाण्याएवढा. पुढच्या चित्रात तो आणखी उजळला, त्याच्या पुढच्यातही. सकाळच्या चित्रात त्या जागी खरखर होती, बाकी काही नाही.

"आहे," विबेके म्हणाली.

आस्गरने पुन्हा पुन्हा मोजून बघितलं. तो होताच.

विबेकेने सर्जनला तिथूनच फोन लावला. तो खाली आला, हिरव्या टोपीतच, आणि खुर्ची ओढून बराच वेळ चित्रं मागे-पुढे करत बसला. बाकीच्या डागाला हात लावायची गरज दिसत नाही, असं तो शेवटी म्हणाला. दाणा वाचेच्या जागेपासून बोटभर लांब आहे. तो मागून, लहान वाटेने काढता येईल, डोर्थेला जागी ठेवून, बोलतं ठेवून, म्हणजे वाचेला धक्का लागला तर लगेच कळेल. धोका नाही असं तो म्हणाला नाही. गुरुवारी सगळा डाग काढायला गेलो असतो तर जेवढा होता तेवढा नाही, असं म्हणाला. आणि थांबून चालणार नाही, तीन महिने तर मुळीच नाही.

या वेळी विबेके दारातून डोकं घालून बोलली नाही. आत गेली, डोर्थेजवळ स्टूल घेऊन बसली आणि दार लावून घेतलं. ती बाहेर आली तेव्हा तिने मला खूण केली, तुला बोलावते आहे.

डोर्थे कॉटवर बसली होती. हाताची सुई अजून तशीच होती. मी ती काढली, कापूस ठेवला आणि अंगठ्याने दाबून धरला. रक्त थांबायला दोन मिनिटं लागतात. तेवढा वेळ आम्ही दोघी एकमेकींच्या इतक्या जवळ होतो की तिच्या केसांतला किरणांनंतर उगवलेला मऊ, लहान मुलासारखा भाग मला दिसत होता.

"म्हणजे गुरुवारी यायचं," ती म्हणाली.

"हो."

"आणि बोलत राहायचं."

"ते सांगतील ते बोलायचं. आकडे, वार, चित्रांची नावं."

तिने मान हलवली. मग दुसऱ्या हाताने खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि माझ्यापुढे धरला. "तू सांग."

"मी?"

"दिवसात दोनदा मी नाही सांगू शकत. मला शब्दही मिळणार नाहीत आत्ता. हात तुझा होता, तू सांग."

पलीकडे दोनदा वाजलं आणि इवरने उचलला. मागून तोकेचा आवाज येत होता, कुठल्यातरी भांड्यावर काहीतरी आपटत होता. इवर आनंदात "हं, बोल गं" म्हणाला, त्याला वाटलं तीच आहे. मी माझं नाव सांगितलं. अंगठा कापसावर, फोन कानाला, मी त्याला हात उशिरा वर केला तिथपासून वाटाण्यापर्यंत सगळं सांगितलं. भांडं वाजायचं थांबलं, बहुतेक त्याने पोराला उचलून घेतलं असावं, कारण आता श्वास दोन ऐकू येत होते, एक मोठा आणि एक छोटा, नाक चोंदलेला.

मी संपवलं. डोर्थे माझ्या तोंडाकडे बघत होती.

"तिला किती वाजता न्यायला येऊ?" इवरने विचारलं.

मी तिला विचारलं. ती थोडा वेळ विचार करत राहिली, आणि मग एकेक शब्द नीट पकडून म्हणाली, "पाचला म्हण. आणि म्हणावं, तोकेलाही आण."